पाणी मागणाऱ्या सारूबाई

सारूबाई कुणाच्याही दारात गेल्या की आधी पाणी मागायच्या. तहान असो वा नसो. दवाखान्यातून निघताना त्यांनी तांब्याभर पाणी रिचवलेलं मी पाहिलेलं असायचं, आणि पहिल्याच घराच्या उंबऱ्याशी त्यांचं सुरू, "बाई, घोटभर पाणी देता का?" मी पडले नर्स. मला वाटायचं, या बाईंना मधुमेह तर नाही ना? एकदा तपासूनही घेतलं. तसलं काही निघालं नाही.

शेवटी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "पोरी, आपुन द्यायला जातो. औषध देतो, कापड देतो, वर देवाचा शब्द देतो. घेणाऱ्याची मान खाली जाती. म्हणून आदी आपुन मागायचं. मग बरोबरी व्हती."

बोलायला हे सोपं. सारूबाई मिशनच्या बायबलबाई, घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगणाऱ्या. पांढरी साडी, जाड चष्मा, काखेत पुस्तक. पण जन्म मांगवाड्यातला, बाप्तिस्म्याआधीचं नाव भागू, आणि हे त्या कुणापासून लपवत नसत. बायका दोन प्रश्नांत जात काढायच्या आणि मग हातभर उंचीवरून ओंजळीत पाणी ओतायच्या. सारूबाई उकिडव्या बसून प्यायच्या. बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या. पिऊन झालं की त्यांचं वाक्य ठरलेलं, "पाणी ग्वाड हाय. आडाचं का?" आपल्या आडाचं पाणी गोड म्हटलेलं कुणाला आवडत नाही? मग ती बाई दाराशी टेकायची आणि घरातलं सांगायला लागायची.

मला याचा संताप यायचा. मीही त्याच वस्तीतली, फक्त आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आजोबांच्या वेळी आला. मी कुणाकडे पाणी मागत नसे. माझी बाटली माझ्याबरोबर असायची.

त्यांची दुसरी खोड म्हणजे हात. ते कधी रिकामे नसत. बाप दोरखंडं वळणारा, त्यामुळे अंबाडीच्या वाखाची, म्हणजे सालीच्या धाग्यांची, एक गड्डी कायम पिशवीत. बसल्या जागी मांडीवर वाख वळत राहायच्या. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपदेश चालू असतानाही हेच. आमचे पाळक दानियेलराव भिडस्त गृहस्थ. त्यांनी दोन महिने धीर गोळा केला आणि मग म्हणाले, "सारूबाई, निदान प्रार्थनेच्या वेळी तरी." सारूबाई म्हणाल्या, "हात मोकळे असले की मन हिंडतंय, पाळकसाहेब. हात गुतले की कान मोकळे." पुढे घंटेची दोरी तुटली तेव्हा नवी त्यांनीच वळून दिली, आणि पाळकसाहेब पुन्हा त्या विषयाच्या वाटेला गेले नाहीत.

उपदेशक म्हणून मात्र बाई यथातथाच. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायला बसायच्या, अर्ध्या वाटेत मेंढराची शेळी व्हायची, ती शेजारच्या कुणा चंद्राबाईची निघायची, आणि सगळ्या बायका चंद्राबाईच्या सासूबद्दल बोलत बसायच्या. शुभवर्तमानाच्या पुस्तिका नेलेल्या तशाच परत यायच्या. पण त्यांनी पाणी प्यालेल्या घरातली बाई पुढच्या महिन्यात पोराला घेऊन दवाखान्यात यायची, हेही तितकंच खरं.

आमचा दवाखाना सरहद्दीच्या अलीकडे, इंग्रजी मुलखात. नाक्यापलीकडे निजामाचं राज्य. आमच्याकडचे लोक त्याला मोगलाई म्हणत आणि तिकडे जाणं म्हणजे परदेशी जाणं असंच धरून चालत. भाषा एक, जोंधळा एक, सोयरीकसुद्धा होई, तरी तो मुलूख वेगळा. निजामाच्या शेवटच्या वर्षी तिकडून गाड्याच्या गाड्या भरून माणसं आली, रझाकारांच्या भीतीनं. त्यांच्या जखमा आम्ही बांधल्या आणि कसं झालं ते विचारलं. मग सप्टेंबरात हिंदी फौज आत शिरली. पाच दिवसांत निजामशाही संपली. त्यानंतरही माणसं आली. ती मुसलमान होती, थोडी होती, आणि बहुतेक बायका. त्यांच्याही जखमा आम्ही बांधल्या. कसं झालं ते मात्र विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मिशननं ठरवलं की आत जायचं. ईट, वाशी करत पुढच्या खेड्यांत औषधं, दुधाची भुकटी आणि शुभवर्तमान न्यायचं. पाळकसाहेब, सारूबाई, मी, आणि सामानानं भरलेली एक बैलगाडी. नाक्यावर कुणी नव्हतं. आडवा बांबू कडेला पडला होता. पाळकसाहेब सवयीनं उतरले, कोटाची बटणं लावली, रिकाम्या चौकीकडे पाहिलं आणि परत गाडीत बसले.

ज्या गावाबद्दल सांगायचं त्याचं नाव लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात.

त्या गावात दोन गोष्टी झाल्या होत्या. आषाढात रझाकार आले. त्यांनी पाटलाच्या कडब्याच्या गंजी पेटवल्या आणि थोरल्या मुलाला धरून नेलं. तो परत आला नाही, त्याचं प्रेतही आलं नाही. भाद्रपदात निजाम पडला, तेव्हा गावातल्या आणि बाहेरून आलेल्या लोकांनी पिंजाऱ्यांच्या गल्लीतले पाच पुरुष धरले. कापूस पिंजणारी माणसं, रझाकारांशी त्यांचं देणं ना घेणं. त्यांना मारून गावच्या आडात टाकलं. मग आडाचं चाक काढून पाटलाच्या घरी नेऊन ठेवलं. चाक काढलं की आड बंद, अशी आमच्याकडची रीत. तेव्हापासून सगळं गाव ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी भरत होतं, पिंजाऱ्यांच्या बायका शेवटी.

हे आम्हांला गावात शिरताना ठाऊक नव्हतं. गाव शांत होतं, एवढंच दिसलं. मी चावडीपुढे पेटी मांडली. गळवं फोडली, डोळे धुतले. कुणी ओरडलं नाही. एका पोरीच्या टाचेत बोटभर काटा मोडला होता, तो मी चिमट्यानं उपसला, तरी ती समोर बघत बसली. नेहमी मी म्हणते, रडू नको ग. तिथं म्हणावं लागलं नाही. दुपारपर्यंत मलाही तसंच झालं. हात काम करत होते, बाकी काही नाही.

सारूबाई शिरस्त्याप्रमाणे घरोघर जायला निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. पहिली गल्ली लागली ती पिंजाऱ्यांची. एका दारात चाळिशीची बाई बसली होती. नाव हलीमा.

"बाई, घोटभर पाणी देता का?"

हलीमा बघत राहिली. मग आत गेली, तांब्या घेऊन आली आणि गावच्या रिवाजाप्रमाणे वरून ओतलं. सारूबाई ओंजळीनं प्याल्या आणि वीस वर्षांच्या सवयीनं म्हणाल्या, "पाणी ग्वाड हाय. आडाचं का?"

"न्हाय," हलीमा म्हणाली. "झऱ्याचं. आडात माझा मालक हाय. आन् थोरला पोरगा."

तिनं हे अगदी सरळ सांगितलं, मालक रानात गेलाय म्हणावं तसं. मी सारूबाईंकडे पाहिलं. त्यांचे हात ओंजळीतच राहिले होते आणि बोटांतून पाणी गळत होतं. मग त्या तिथंच मातीत बसल्या. "कवाधरनं?" एवढंच त्यांनी विचारलं.

हलीमानं सांगितलं. गल्लीत पुरुष उरला नव्हता. आड आता आटत आला होता, तळाला ढोपरभर पाणी. अक्षय्यतृतीया झाली की गाव त्यात माती लोटणार होतं.

"म्हणतेत, माती टाकली की दफनच झालं की. आता तुमीच सांगा, दफन असं असतंय व्हय? एकावर एक? मला काय बी नगं, बाई. औषध नगं, कापड नगं. माजी माणसं तेवढी वर काढून पाहिजेत."

अक्षय्यतृतीयेला नऊ दिवस होते.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी आम्हांला बसवून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "आपण औषधपाण्याला आणि सुवार्तेला आलो आहोत. हे सरकारचं काम. मी वर लिहून कळवीन."

"कळवा की," सारूबाई म्हणाल्या. "कागद पोचंस्तोवर माती पडंल."

"मग तुम्ही काय करणार?"

"दोरी वळते."

आडाचा नाडा, म्हणजे पाणी शेंदायचा दोर, पोहऱ्यासकट कुणीतरी जाळून टाकला होता. सारूबाई मांगवाड्यात जाऊन वाख घेऊन आल्या. तिथल्या लोकांना गावानं बजावलं होतं, आडाला हात लावाल तर याद राखा. ते आले नाहीत, पण दोन भारे वाख त्यांनी मुकाट्यानं दिला. सारूबाई चावडीसमोरच्या लिंबाखाली बसल्या आणि वळायला लागल्या. येणारा-जाणारा थांबायचा.

"कशाला वळती ग एवढी?"

"आडाला."

मग तो निघून जायचा. कुणी अडवलं नाही, कुणी शिवी दिली नाही. अडवलं असतं तर बरं वाटलं असतं, असं मला आता वाटतं.

पदर एकट्यानं वळता येतात, पण तीन पदरांचा नाडा करायला तीन टोकांना तीन माणसं लागतात आणि चौथं पीळ बसवायला. हलीमानं एक टोक धरलं, मी दुसरं. तिसऱ्याला पाळकसाहेब आले, कोट काढून. त्यांनी पहिल्यांदा उलटा पीळ दिला आणि सकाळपासूनचं काम भसाभस उलगडलं. सारूबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, उजव्या हातानं. देवाचं नाव घेऊन, पर उजव्या हातानं." हलीमाच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

नाडा झाला. चाक पाटलाच्या घरी.

सारूबाई रोज सकाळी पाटलाच्या दारात जायच्या आणि पाणी मागायच्या. पाटील अंथरुणाला खिळलेला, कारभार पाटलीणबाईंच्या हाती. उंच, काटक बाई, डोईवरचा पदर ढळायचा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी वरून पाणी ओतलं. सारूबाई प्याल्या. पाणी गोड आहे म्हणाल्या नाहीत. "आडाचं चाक तुमच्याकडं हाय म्हणं," एवढंच म्हणाल्या. पाटलीणबाई आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पाटलीणबाई कडाडल्या, "तुला लाज न्हाय व्हय ग? माझं पोर नेलं तवा कुठं व्हतीस? तवा कुणी दोरी वळली? माझ्या पोराचं हाडूकबी घावलं न्हाय मला. कुठल्या वढ्याला पडलं, कुठल्या रानात, कुणी सांगत न्हाय. म्या अजून त्याचं ताट वाढते!"

सारूबाई खालच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"मग तुमाला ठावं हाय, आईसाहेब," त्या म्हणाल्या.

पाटलीणबाईंनी दार लावलं. पुढचे दोन दिवस ते उघडलं नाही. सारूबाई बंद दारासमोर थोडा वेळ उभ्या राहून परत यायच्या.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या सकाळी सारूबाईंनी पदर खोचला. त्यांनीच उतरायचं ठरवलं होतं. वजन काय ते चाळीस-बेचाळीस किलो, आणि लहानपणी बापाबरोबर गाळ काढायला आडात उतरलेल्या. चाकाविना नाडा काठावरच्या दगडावरून सोडावा लागणार होता आणि तो घासून तुटेल हे त्यांनाच सगळ्यांत जास्त कळत होतं. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझ्या हातचा हाय. घटकाभर टिकंल." धरायला आम्ही तिघं. हलीमा, मी, पाळकसाहेब. पाळकसाहेबांचे ओठ हलत होते.

सारूबाईंनी कमरेला गाठ मारली, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पाटलीणबाई दिसल्या. बरोबर विधवा सून. दोघींनी मिळून ते जड लाकडी चाक धरलं होतं, दोन पावलं चालायच्या आणि टेकवायच्या. आम्ही कुणीही पुढं झालो नाही. त्या आडापर्यंत आल्या. पाटलीणबाईंनी चाक खाली ठेवलं, हलीमाकडे पाहिलं नाही, सारूबाईंकडेही नाही.

"माज्याकडं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी नाडा धरला.

मग मांगवाड्यातले चौघं आले. मग गावातले काही. त्यांत दोघं असे होते की त्यांना पाहताच हलीमानं मान फिरवली. त्यांनीही नाडा धरला. चाक बसवून सारूबाईंना खाली सोडलं, आणि मग त्याच नाड्याला पाटी बांधली. वर येणाऱ्या पाटीकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

सारूबाई दुपारपर्यंत खाली होत्या. पाटी किती वेळा वर आली ते मी मोजलं नाही. हाडांची मला सवय होती, पुस्तकातली नावं माहीत होती, तीच मनात म्हणत मी सगळं चादरींवर मांडत गेले. मला काही वाटलं नाही, हे सांगून टाकते. खूप वर्षांनी एकदा भाजी निवडताना वाटलं, पण तेव्हा नाही.

कोण कुठला, हे कळायचा मार्ग नव्हता. एक चांदीचा ताईत निघाला, तो हलीमानं ओळखला, मालकाचा. मुलाचं काही सापडलं नाही. ती चादरींकडे बघून म्हणाली, "ह्यातच हाय त्यो." शेवटी सारूबाई वर आल्या. पांढरी साडी चिखलानं काळी झाली होती.

कबरस्तानात पाच खड्डे घेतले आणि अंदाजानं वाटणी केली. नमाज पढायला पुरुष नव्हता. हलीमा सारूबाईंकडे वळली. "बाई, तुमाला देवाचं येतंय. तुमीच म्हणा काय तरी."

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक पुढं केलं. मला वाटलं, आता बाई म्हणणार. यासाठीच तर आम्ही आलो होतो. सारूबाई मान हलवत म्हणाल्या, "न्हाय माय. त्यांना माझं कळायचं न्हाय. त्यांच्या कानावरचं पाहिजे. तुला येतंय तेवढं तू म्हण." हलीमा म्हणाली. अर्ध्यावर अडखळली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा तिथंच अडखळली. आम्ही मान खाली घालून उभे राहिलो. पाटलीणबाई कबरस्तानाच्या बांधाबाहेर उभ्या होत्या. मूठमूठ माती टाकायची वेळ आली तेव्हा त्या आत आल्या, एक मूठ टाकली आणि घरी गेल्या.

परतल्यावर मिशनच्या बैठकीत विचारणा झाली, सारूबाईंनी त्या गावात किती जणांना सुवार्ता सांगितली? त्या म्हणाल्या, "एकालाबी न्हाय. दोरी वळली." मोठे साहेब पाळकसाहेबांकडे वळले. भिडस्त दानियेलराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मीही." त्यांच्या आयुष्यात त्यांनी साहेबांना दिलेलं हे एकच उलट उत्तर.

त्यानंतर सारूबाईंनी पाणी मागणं सोडलं. दारात जायच्या, औषध द्यायच्या, बसायच्या, पण पाणी नाही. कुणी आपणहून देऊ केलं तर "आत्ताच प्याले" म्हणायच्या. बायका पूर्वीसारख्या बोलेनात. मी एकदा माझी बाटली पुढं केली. त्यांनी ती हातात घेतली, पाहिली आणि परत दिली.

दोन वर्षांनी देवीच्या लशी टोचायला मला त्याच गावी जायचं होतं. सारूबाई तेव्हा थकल्या होत्या, डोळ्यांना कमी दिसायचं. तरी म्हणाल्या, येते. आडावर चाक होतं. पहिल्या उन्हाळ्यात गाळ उपसून, लाल औषध टाकून गावानं आड चालू केला होता. बायकांची गर्दी होती आणि दोन बायका पोहऱ्यावरून भांडत होत्या. नाडा सारूबाईंचाच होता. त्यांनी जाता जाता तो हातानं चाचपला.

हलीमा दारातच होती. आम्हांला बसायला तरट टाकलं आणि न मागता तांब्या भरून आणला. वरून ओतला नाही, सारूबाईंच्या हातात दिला.

"घ्या बाई. आडाचं हाय."

सारूबाईंनी तांब्या दोन्ही हातांत धरला. तसाच धरून बसल्या. तो ओठांपर्यंत नेला आणि परत खाली आणला. मी घ्यायला पुढं झाले, तर हलीमानं मला हातानं थांबवलं.

"मलाबी वरीस लागलं, बाई," ती म्हणाली. "पयल्यांदा तर ओकलेच म्या. पर त्यातलं न्हाय प्यायचं, तर मग त्यांला वर कशाला काढलं आपुन?"

तिनं सारूबाईंच्या हातून तांब्या घेतला, तोंडाला लावून निम्मा प्याली, आणि तोच तांब्या, न धुता, परत त्यांच्या हातात दिला. साठ वर्षांच्या आयुष्यात सारूबाईंना कुणी आपल्या तोंडचं भांडं दिलं नसेल. मीही दिलं नव्हतं. माझी बाटली मी आधी पुसायची.

सारूबाईंनी तांब्या तोंडाला लावला. हळूहळू, थांबत थांबत, सगळं पाणी संपवलं. रिकामा तांब्या मांडीवर ठेवला आणि त्या रडायला लागल्या. हलीमाही. त्या गावात कुणाला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मला लशी टोचायच्या होत्या, रांग लागली होती. मी उठले. गल्लीच्या वळणावरून मागं पाहिलं तर सारूबाईंनी पिशवीतून वाख काढला होता. हलीमानं एक टोक धरलं होतं, आणि सारूबाई तिला म्हणत होत्या, "घशाला अजून कोरड हाय, माय. आणीक एक तांब्या देतीस का?"